ओवीखाली नाव कुणाचं?



आज आपण बचत, कर्ज, हप्ता हे सगळं जरा बाजूला ठेवू. आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत जात्यावरच्या ओव्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, ओव्या तर आम्हाला माहीत आहेत, त्यात बोलायचं काय? पण ओवीला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या गटांनी करण्यासारखं एक काम शिल्लक आहे. म्हणून हा विषय घेतला.

शाळेत आपण राजे शिकलो, लढाया शिकलो, तहाच्या तारखा पाठ केल्या. आपल्या आजीनं पहाटे उठून किती पायल्या दळल्या आणि दळताना ती काय गायली, हे कुठल्या धड्यात नव्हतं. तरी त्याचा लेखी पुरावा आहे, आणि तो थोडाथोडका नाही, सुमारे नऊशे वर्षांचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं इसवी सन ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. स्वयंपाक, शिकार, हत्तीघोडे, गाणं-वाजवणं असं सगळं त्या ग्रंथात आहे. गाण्याबद्दल सांगताना राजा लिहितो, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात.

बघा, उखळात मुसळ घालणाऱ्या बायकांचा आवाज राजाच्या ग्रंथापर्यंत पोचला. पण त्या बायका कोण, कुठल्या गावच्या, त्यांची नावं काय, हे राजानं लिहिलं नाही. तेव्हापासून बहुतेक ओव्यांचं असंच झालं आहे. ओवी राहिली, बाईचं नाव गेलं.

काही नावं मात्र उरली, आणि ती का उरली हे पाहण्यासारखं आहे.

पहिलं नाव महदंबेचं. तिला महदाइसा असंही म्हणतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात ती होती. फार चौकस बाई, सारखी प्रश्न विचारायची. तिनं धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून म्हणायची गाणी. आपल्याकडे हळदीला, लग्नाला बायका गाणी म्हणतात, त्याच घराण्यातली ही गाणी. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी महदंबेनं ती गायली, त्यात रुक्मिणीच्या लग्नाची कथा सांगितली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे आपल्या भाषेतल्या बाईच्या कवितेची सुरुवातच लग्नघरातल्या गाण्यानं झाली. आणि हे आपल्याला कळलं कशामुळे? महानुभाव पंथाच्या लोकांनी पोथ्या लिहिल्या आणि जपून ठेवल्या म्हणून.

दुसरं नाव जनाबाईचं. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे तिचं गाव. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली आणि जन्मभर तिथंच राबली. तिच्या नावावर तीनशेहून जास्त अभंग आहेत. त्यात काय आहे? दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, पाणी भरणं आहे, शेण वेचणं आहे. फरक इतकाच, की तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्या शेजारी येऊन बसतो आणि खुंट्याला हात लावतो. जिच्या मदतीला घरात कुणी येत नव्हतं, तिनं देवालाच कामाला लावलं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. तुमच्यातल्या ज्या वारीला जातात त्यांनी ते पाहिलं असेल, त्याचा खुंटा धरून फिरवलाही असेल.

जनाबाईचं नाव टिकलं ते वारकऱ्यांनी तिचे अभंग नामदेवांच्या अभंगांबरोबर म्हटले आणि गाथेत लिहून ठेवले म्हणून. पण जनाबाईच्या काळात पंढरपुरात दळणारी ती एकटीच बाई होती का? घरोघर जाती होती. घरोघर गळेही असणार. त्या बाकीच्या बायकांचं लिहून घेणारं कुणी नव्हतं.

आता ओवीत असतं काय, ते जरा बघू. ज्या मुलींनी जातं फक्त लग्नातल्या हळदीला पाहिलं आहे, त्यांच्यासाठी हे सांगायला हवं.

पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायचं. दोघी असल्या तर समोरासमोर बसायचं, खुंटा धरायचा, एकीनं मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. वरची तळी फिरायला लागली की तिची घरघर सुरू व्हायची आणि त्या घरघरीवर ओवी यायची. पहिली ओवी देवाची, मग आईबापाची, मग भावाची, अशी मोजून ओव्या म्हणायची रीत होती. त्या वेळी घरातले पुरुष झोपलेले असत. सासू जागी असली तरी जात्याच्या आवाजात शब्द विरून जात. दिवसभरात ज्या बाईला तोंड उघडायची मुभा नव्हती, तिला एवढी घटकाभर जागा मिळायची. म्हणून कित्येक ओव्यांत बाई जात्यालाच देव मानते आणि माहेरच्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलते.

तिथं ती आईची आठवण काढते. दिवाळीला न्यायला येणाऱ्या भावाची वाट पाहते, त्याच्या बैलगाडीचं, त्याच्या शेताचं कौतुक करते. लेक मोठी होऊन परक्या घरी जाणार म्हणून आधीच रडते. सासुरवास सांगते. शेजारणीचं, मैत्रिणीचं कौतुक करते. सीतेवरच्या ओव्या तर गावोगाव सापडतात. त्यात रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेचा वनवास जास्त असतो. पोटुशी बाईला घराबाहेर काढलं, ती रानात एकटी कशी बाळंत झाली असेल, तिला पाणी कुणी दिलं असेल, याची काळजी त्या ओव्यांत आहे. पोथीतली कथा बायकांनी आपल्या बाजूनं सांगितली.

ओवीतलं सगळंच आज आपल्याला पटेल असं नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. मुलगाच हवा असं म्हणणाऱ्या ओव्या पुष्कळ आहेत. नवरा कसाही असला तरी त्याच्या नावाचं कुंकू मोठं, असं सांगणाऱ्याही आहेत. बाईचा जन्मच नको, असं म्हणणाऱ्याही आहेत. म्हणून त्या टाकून द्यायच्या का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या पणज्या कशा जगल्या, त्यांना काय सोसावं लागलं आणि त्यातलं काय त्यांनी खरं मानलं, हे दुसरीकडे कुठं लिहिलेलं आहे? सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. वंशावळीतही बाप, मुलगा, नातू अशीच ओळ असते.

ओवी जुन्यातच अडकून राहिली असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर, रमाबाईंवर, बुद्धावर ओव्या गायल्या आहेत. चाल तीच आजीची, पण पहिल्या ओवीचा मान बाबासाहेबांना. ज्यांना देवळाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी जात्यावर आपला उद्धार करणाऱ्या माणसाचा इतिहास गायला. पुस्तक हातात यायच्या आधी तो त्यांच्या गळ्यात होता.

आता या ओव्या लिहिल्या कुणी?

गेल्या शंभरेक वर्षांत काही माणसांनी हे काम मनावर घेतलं. साने गुरुजींनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या जमवल्या आणि ‘स्त्री जीवन’ या नावानं छापल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून ओव्या, उखाणे, फुगड्या, भोंडल्याची गाणी गोळा करून पुस्तकामागून पुस्तकं काढली. कवयित्री इंदिरा संत यांनी ‘मालनगाथा’ लिहून एकेका ओवीचा अर्थ मायेनं उलगडून दाखवला. त्या स्वतः मोठ्या कवयित्री होत्या, पण अनाम बायकांच्या ओव्यांपुढे त्यांनी आदरानं मान लवली.

मग पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइट्वाँ यांनी वेगळंच काम केलं. ते डोंगराळ भागातल्या गरीब बायकांच्या संघटनेचं काम करत होते. बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की मनातलं सांगा म्हटलं तर बायका गप्प बसतात, पण ओवी म्हणा म्हटलं की मनातलं सगळं येतं. मग त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या साथीदारांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं झाली आणि ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. पुढे त्यातल्या बऱ्याच ओव्या बायकांच्या आवाजात मुद्रितही केल्या. आज हे काम ‘पारी’ म्हणजे ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ठेवलेलं आहे, आणि मोबाइलवर कुणालाही ऐकता येतं.

या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की त्यांनी ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहिलं. ‘एक अज्ञात स्त्री’ असं लिहून सोडून दिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, ओवी काय एकीची असते का? आईकडून आली, आत्याकडून आली, त्यात दोन शब्द आपले घातले, पुढे सुनेला दिली. खरं आहे. ओवी पुष्कळ जणींची असते. पण म्हणून ती कुणाचीच नाही, असं होत नाही. ‘ही ओवी अमुकबाईंनी सांगितली, त्यांना ती आईकडून आली, आईचं माहेर अमुक गावचं’ एवढं लिहिलं तरी तीन पिढ्यांची नोंद होते.

नाव लिहिलं गेलं तर काय घडतं, याचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. शिऊरच्या संत बहिणाबाई वेगळ्या, त्या सतराव्या शतकातल्या. या आपल्या खानदेशच्या बहिणाबाई. १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या आसोद्याला त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. तिशीच्या आसपास नवरा गेला, पदरी मुलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षर एक येत नव्हतं. शेत, गोठा, चूल आणि जातं एवढ्यातच आयुष्य गेलं. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावर आणि शेतातल्या कामावर त्यांना गाणी सुचायची.

त्या गाण्यांत काय नाही? पेरणी आहे, मोट आहे, पोळा आहे, सुगरणीचं घरटं आहे, माहेरची वाट आहे, माणसाचं ठिकाणावर न राहणारं मन आहे. नवरा गेल्यावर मागं उरलेल्या बाईनं स्वतःला कसं सावरावं, हेही आहे. भविष्य सांगायला आलेल्या जोशाला त्या दारातूनच परत पाठवतात, कारण आपलं नशीब आपल्याला कळून चुकलं आहे असं त्या म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांनी जिचं नशीब सांगितलं, त्या बाईनं असं म्हणणं सोपं नव्हतं.

त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी पुढे स्वतः कवी झाला. सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. त्यांच्या पुढाकारानं आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या कविता शाळेच्या पुस्तकात गेल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, जेवढं टिपलं तेवढंच उरलं. घरोटावर बसून ज्या पहाटे ऐकणारं कुणी जवळ नव्हतं, त्या पहाटेची गाणी पिठाबरोबरच संपली. दुसरी गोष्ट म्हणजे लिहिणाऱ्यांनी आईची बोली तशीच ठेवली. ती शुद्ध पुस्तकी मराठीत घोटली नाही. घोटली असती तर गाणी उरली असती, पण बहिणाबाई उरल्या नसत्या.

आता आपल्या काळाकडे येऊ. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. यात वाईट काही नाही. जात्याचे कष्ट काय असतात ते हाताला घट्टे पडलेल्या बायकांना विचारा. दोन-दोन तास दळून मग रानात जायचं, गरोदर असलं तरी दळायचं, ताप असला तरी दळायचं. आपल्यातल्या कितीतरी गटांनी कर्ज काढून स्वतःच गिरण्या टाकल्या आहेत आणि त्या चांगल्या चालल्या आहेत. जातं परत यावं असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

पण जात्याबरोबर ओवी म्हणायची वेळही गेली. ओवी शिकवायला वेगळी शाळा नव्हती. समोर बसलेल्या पोरीच्या कानावर पडून ती पुढे जायची. आता समोर बसणंच राहिलं नाही. ज्यांनी नवी नवरी म्हणून जातं ओढलं, त्या बायका आज सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत. गटाच्या बैठकीत आम्ही ओव्यांबद्दल विचारलं की त्या पहिल्यांदा म्हणतात, ‘आता काय आठवतंय बाई, सगळं गेलं.’ मग शेजारची एक ओळ सुरू करते, हिला पुढची सुचते, आणि चहा थंड होईपर्यंत पंधरा-वीस ओव्या होऊन जातात. मध्येच एखादी पदरानं डोळे पुसते, कारण ती ओवी तिच्या आईची असते. सुना कौतुकानं बघत राहतात, कारण सासूला एवढं येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि पुढच्या बैठकीला कळतं, की त्यातली एकजण आजारी आहे, किंवा गेली.

मैत्रिणींनो, नोंद ठेवायला आपल्याला कुणी शिकवायला नको. महिन्याला शंभर रुपये टाकले तरी आपण वहीत बाईचं नाव लिहितो, तारीख लिहितो, सही किंवा अंगठा घेतो. एक रुपयाची चूक राहिली तर रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवत बसतो. बँकेत बाईला पत मिळाली ती या नोंदीमुळे. तीच सवय ओवीसाठी वापरायची आहे.

करायचं असं. गटाच्या खर्चातून एक जाड वही आणा. हातात मोबाइल असेल तर आवाजही भरून घ्या. वहीत ओवी लिहा आणि तिच्याखाली सांगणारीचं पूर्ण नाव, वय, सासरचं गाव, माहेरचं गाव आणि ओवी कुणाकडून शिकली ते लिहा. ‘रामाची आई’ किंवा ‘पाटलाची सून’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव लिहा. ती जसं बोलते तसंच लिहा. ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’ लिहा, ‘होतं’ करू नका. एकच ओवी दोघींनी वेगळी सांगितली तर दोन्ही लिहा.

ओवीबरोबर तिच्याभोवतीची आठवणही विचारा. ही कधी म्हणायचात? सोबत कोण बसायचं? १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात होता, तेव्हा सरकारी मिलो ज्वारी दळताना काय म्हणायचात? आमच्या अनुभवानं, अशा एका प्रश्नानं बाई तासभर बोलते.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. लिहिण्याआधी तिला विचारा, आणि लिहिल्यावर वाचून दाखवा. काही ओव्या सासुरवासाच्या असतात, घरातल्या माणसांवरच्या असतात. एखादी म्हणेल, ‘ही लिही, पण कुणाला ऐकवू नकोस.’ तर ती तशीच ठेवायची. पहाटे जात्याच्या आवाजात दडवून तिनं जे सांगितलं, ते चावडीवर नेण्याचा आपल्याला हक्क नाही.

गटात कुणालाच लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला बसवा. तिची वही भरेल, आणि आजी कोण होती हे तिला कळेल.

पुढच्या महिन्यात तुमच्या बैठकीत कर्जाची मागणी, परतफेड, हजेरी हे सगळं झालं की शेवटचा अर्धा तास यासाठी ठेवा. सुरुवात गटातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून करा. तिच्या पहिल्या ओवीखाली तिचं नाव लिहून झालं की तिला ते वाचून दाखवा, आणि मग सही किंवा अंगठा घ्या, रोजच्यासारखा.